युरियाची बोरी उचलण्याआधी धानाचं नाव विचारा

हे आवाहन स्मृति नगरातल्या मराठी घरांसाठी आहे. आपल्यातले बरेच जण भिलाईच्या कारखान्यात नोकरी करून इथेच राहिले. पण शेती सुटली नाही. कुणाची पाटणकडे आहे, कुणाची धमधा-बालोदकडे. कुणाची अजून आमगाव, सालेकसा, देवरी, साकोलीत आहे. कसणारा मात्र दुसरा असतो. इकडे अधियाने, तिकडे बटईने किंवा ठेक्याने. आपण आषाढात फोन करतो, पैसे पाठवतो आणि दिवाळीनंतर हिशोब विचारतो.

त्या फोनवर एक मागणी दरवर्षी येते. "काकाजी, युरियाच्या अजून दोन बोऱ्या लागतील." आपण पैसे पाठवून मोकळे होतो. बांधीत कोणतं धान आहे, हे विचारायचं राहूनच जातं.

यंदा ते आधी विचारा. कारण युरिया किती लागेल, हे पहिल्यांदा धानाच्या वाणावर ठरतं.

एकाच घरात एक जण दोन भाकरींवर दिवसभर राबतो आणि दुसऱ्याला चार खाऊनही दुपारी भूक लागते. धानाचंही तसंच आहे. तेवढ्याच युरियावर एक वाण लोंबी भरून देतो. दुसरा नुसती पानं वाढवतो.

दिल्लीच्या गुरु गोविंद सिंह इंद्रप्रस्थ विद्यापीठात नंदुला रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या धानाच्या वाणांचा याच अंगाने अभ्यास केला आहे. नत्र खाऊन त्याचं दाण्यात रूपांतर करण्याच्या बाबतीत वाणावाणांत पाचपटीपर्यंत फरक सापडतो, असं त्यांच्या कामातून दिसलं. सगळ्या धानाला एकच माप लावणं किती महागात पडतं, ते यावरून समजून घ्या.

आता थोडा हिशोब बघा. युरियाची बोरी ४५ किलोची. तिच्यात नत्र असतं शेकडा ४६, म्हणजे बोरीमागे जेमतेम २१ किलो. पाणी भरलेल्या बांधीत टाकलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच धानाच्या पोटात जातं. बाकीचं कुठे जातं? काही वायू होऊन हवेत उडतं. काही पाण्याबरोबर धुऱ्यावरून वाहून जातं. काही खाली झिरपतं. म्हणजे तीन बोऱ्यांचे पैसे मोजले, तरी धानाला मिळते जवळपास एकच.

बोरी २६६ रुपये ५० पैशांना मिळते म्हणून हे नुकसान बोचत नाही. पण तिची खरी किंमत यापेक्षा कितीतरी जास्त आहे. वरचा भार सरकार उचलतं, म्हणजे तुम्ही-आम्हीच उचलतो. शिवाय ऐन हंगामात सोसायटीसमोर रांगेत उभा राहतो तो तुमचा अधियावाला.

मग वाण कसा ओळखायचा? पहिला प्रश्न विचारा: धान किती दिवसांचं आहे?

छत्तीसगडात हरुना, माई आणि गरुना म्हणतात. आपल्याकडे भंडारा-गोंदियात हलकं, मध्यम, भारी म्हणतात. गोष्ट एकच. दंतेश्वरी, पूर्णिमा ही १०० ते १०५ दिवसांची. एमटीयू-१०१० आणखी आठ-दहा दिवस घेते. महामाया सव्वाशे दिवसांच्या आसपास येते. स्वर्णा १४० च्या पुढे जाते.

भारी धान जमिनीत जास्त दिवस उभं राहतं. त्याच्या मुळांना जमिनीतलं नत्र हळूहळू ओढून घ्यायला वेळ मिळतो. म्हणून क्विंटलमागे त्याला वरचा युरिया कमी पुरतो. स्वर्णाचं उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे. आंध्रातल्या मारुतेरूच्या केंद्रातून ती १९८२ साली आली. पुढे अर्ध्या भारताच्या बांध्यांत ती टिकून राहिली. कमी खतावरही ती पदरात माप टाकते, हे त्यामागचं मोठं कारण. त्याच स्वर्णाला हौसेने चौथी बोरी टाकली, की तुडतुडे आधी तिथेच बसतात. छत्तीसगडी शेतकरी ज्याला माहू म्हणतो, तोच हा कीटक.

हलक्या धानाचं उलट आहे. त्याच्याकडे वेळच कमी. त्याला जे द्यायचं ते लवकर द्यावं लागतं. रोवणीनंतर दोन महिन्यांनी आठवण झाली म्हणून टाकलेला युरिया त्याच्या काहीच कामाचा नसतो. पानं हिरवी होतात, दाणा पोचट राहतो.

दुसरा प्रश्न विचारा: धान किती उंच होतं?

उंच देशी धान जास्त युरियाने लोळतं. दुबराज, विष्णुभोग, चिन्नोर, जुनी सफरी, सगळ्यांचा हा स्वभाव. भाद्रपदात हिरवंगार दिसतं, बघून जीव सुखावतो. आश्विनात एक वादळी पाऊस आला, की सगळं चिखलात झोपतं. मग कापणीची मजुरी वाढते, दाणा काळा पडतो आणि सोसायटीत नमुना नापास होतो. नगरी दुबराजला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या तांदळाला चांगला भाव आहे. पण तो भाव उभ्या धानाला मिळतो, लोळलेल्याला नाही.

बुटके वाण आलेच मुळी यासाठी. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ आणली. ती खत पचवून ताठ उभी राहायची. त्या काळी ते गरजेचंच होतं, धान्य कमी होतं. पण त्यानंतर वाण निवडताना "भरपूर खत दिलं तर किती पिकतं" हाच प्रश्न पुढे राहिला. "कमी खतात किती पिकतं" हा मागे पडला. बुटकेपणाबरोबर नत्र ओढून घेण्याची ताकद थोडी मंदावते, हेही आता शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. म्हणून आजचं सुधारित धान युरियाची सवय घेऊनच येतं.

जुना प्रश्न विसरला नाही असा एक माणूस आपल्याजवळच रायपूरला होऊन गेला. डॉ. आर. एच. रिछारिया. सत्तरच्या दशकात त्यांनी गावोगाव फिरून देशी धानाचे १९ हजारांहून जास्त नमुने जमवले. यातले कितीतरी देशी वाण फारसं खत न घेता चांगला उतारा देतात, असं ते सांगत राहिले. आज इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात धानाचे २३ हजारांहून जास्त नमुने आहेत. स्मृति नगरातून रायपूर काय लांब? कृषी मेळा असेल तेव्हा जरूर जा. मुलांनाही न्या. ही आपल्या भागाची फार मोठी ठेव आहे आणि ती आपल्याच घरांत फारशी कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्याच विद्यापीठाने मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर काम करून जुन्या उंच वाणांना बुटकं केलं आहे. सफरी-१७ पासून विक्रम-टीसीआर झाली. दुबराज आणि विष्णुभोग यांचीही बुटकी रूपं निघाली. तुमच्या बांधीत देशी धान दरवर्षी लोळत असेल, तर या बियाण्याची चौकशी करा.

विदर्भातलं नाव तर तुम्हाला माहीतच आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. जेमतेम दीड एकराचे धनी. पटेल-३ या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या. त्यातून एचएमटी धान आलं. ते ३ जून २०१८ रोजी गेले, पण त्यांचं धान आजही छत्तीसगड-विदर्भाच्या बाजारात आहे. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. बांधीत रोज फिरणं आणि बारकाईने बघणं एवढंच होतं. ते तुमच्या अधियावाल्यालाही जमतं. त्याला कुणी विचारत नाही, एवढंच.

तिसरा प्रश्न जमिनीचा. कन्हार म्हणजे काळी, भारी जमीन. ती नत्र धरून ठेवते. मटासी पिवळसर, तिच्यात दम कमी. डोरसा या दोन्हींच्या मधली. भाठा मुरमाड, तिच्यावर टाकलेलं पाण्याबरोबर निघून जातं. भाठ्यावर गरुना लावून वर युरियाचा मारा करणं म्हणजे पैसे जमिनीत जिरवणं. तिथे हलकं धानच बरं. कन्हारात भारी धान लावा आणि युरिया हात राखून द्या.

आता प्रत्यक्ष किती द्यायचा?

पाण्याची सोय असलेल्या सुधारित बुटक्या धानाला हेक्टरी १०० किलोच्या आसपास नत्र सांगितलेलं असतं. एकराला ते ४० किलो होतं, म्हणजे युरियाच्या दोन बोऱ्या. उंच देशी धानाला याच्या निम्म्यापर्यंत थांबा, एकरी एक बोरी. त्यापुढे लोळण्याचा धोका आहे.

इथे एक चूक घरोघरी होते. डीएपीतलं नत्र कुणी मोजत नाही. डीएपीच्या ५० किलोच्या बोरीत ९ किलो नत्र असतं, म्हणजे जवळजवळ २० किलो युरियाएवढं. रोवणीला एकरी एक बोरी डीएपी टाकलं असेल, तर युरियातून तेवढं वजा करा. शेणखत भरपूर पडलं असेल, तर आणखी कमी करा. तुमच्यातले जे कोक ओव्हनमध्ये होते, त्यांनी तिथल्या वायूतून अमोनियम सल्फेट निघताना पाहिलं आहे. ते खत मिळालं, तर त्यात नत्र शेकडा २१ च्या आतबाहेर असतं, युरियाच्या निम्म्याहून कमी. वर गंधक मिळतं. बोरीला बोरी असा हिशोब करू नका. आतलं नत्र मोजा.

एकदम सगळा युरिया कधीच टाकू नका. रोवणीच्या वेळी धानाची मुळं नाजूक असतात, त्यांना एवढं खाता येत नाही. निम्मा रोवणीच्या वेळी, पाव हिस्सा फुटवे फुटताना आणि पाव हिस्सा पोटात लोंबी धरताना, अशी वाटणी विदर्भात चालते. ती धरून चाला. निसवल्यावर युरिया देऊ नका.

टाकण्याआधी बांधीतलं पाणी कमी करा, नुसता ओलावा राहू द्या. मुही बंद करा. वर ढग दाटले असतील, तर त्या दिवशी थांबा. पानं कोरडी असताना टाका, नाहीतर दाणे पानांना चिकटून पानं जळतात. टाकल्यावर दोन-तीन दिवस पाणी बाहेर सोडू नका. एवढं पाळलं, तरी तेवढ्याच बोरीतून धानाला जास्त मिळतं. याला एक पैसा लागत नाही.

चौथा प्रश्न पानाच्या रंगाचा. कटकच्या राष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आणि इतरांनीही पानाचा रंग जोखायची प्लास्टिकची पट्टी तयार केली आहे. तिच्यावर फिक्या हिरव्यापासून गडद हिरव्यापर्यंत खाने असतात. रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी सुरुवात करायची. दर दहा दिवसांनी सकाळी बांधीत जायचं. उन्हाकडे पाठ करून आपली सावली पानावर पाडायची. वरचं पूर्ण उघडलेलं पान न तोडता पट्टीवर ठेवायचं. अशी दहा पानं बघायची, वेगवेगळ्या जागची. दहातली सहा चौथ्या खान्यापेक्षा फिकी असतील, तर एकरी २५ किलो युरिया द्या. नसतील, तर बोरी घरातच राहू द्या.

मात्र सुवासिक आणि देशी धानाचं पान मुळातच फिकं असतं. त्यांना तिसरा खाना धरा. महामायाची पट्टी विष्णुभोगला लावली, तर ते बिचारं कायम उपाशीच दिसेल. वाणाचं नाव आधी विचारा म्हणतो ते यासाठीही.

पिवळं दिसलं की युरिया, ही सवय सोडायला सांगा. पिवळेपणाचे प्रकार आहेत. खालची, जुनी पानं आधी फिकी पडली, तर नत्र कमी आहे. वरची, नवी पानं आधी फिकी पडली, तर बहुधा गंधक कमी आहे. रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके आले आणि रोप खुरटलं, तर तो जस्ताचा तुटवडा, म्हणजे खैरा. त्यावर युरिया टाकून काही होत नाही. एकरी १० किलो झिंक सल्फेट लागतं. फोनवर एवढंच म्हणा, "जवळून एका पानाचा फोटो पाठव. वरचंही पाठव, खालचंही पाठव." आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

ज्यांची शेती महाराष्ट्रात आहे, त्यांनी चारसूत्री भातशेती ऐकली असेल. डॉ. नारायण सावंत यांनी ती कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी बसवली. जोड ओळीत नेमक्या अंतरावर रोवणी करायची आणि त्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खुपसायची. गोळी २.७ ग्रॅमची. हेक्टरी १७० किलो गोळ्या लागतात, त्यातून ५७ किलोच्या आसपास नत्र जातं. शंभराच्या जागी सत्तावन्न. गोळी चिखलात पुरलेली असल्याने ना उडते, ना वाहते. मजुरी वाढते, हे खरं आहे. गोळ्या आणि मजूर दोन्ही हाताशी असतील, तरच एखाद्या बांधीत करून बघा.

याहून सोपी गोष्ट आपल्या भागाची स्वतःची आहे. धान कापणीला येताना ओल्या बांधीत लाखोळी फेकायची. छत्तीसगडात तिला तिवरा म्हणतात, पेरणीच्या या पद्धतीला उतेरा. तिवऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत धरतात. पुढच्या धानाला ते कामी येतं. जुनी लाखोळी सतत आणि फार खाल्ली तर पायांवर परिणाम होतो, ही भीती खरी होती. म्हणून रायपूरच्या विद्यापीठाने काढलेलं महातिवरासारखं कमी विषारी बियाणंच घ्या. मोकळी जनावरं हा यातला मोठा अडसर आहे. त्यासाठी शेजारच्या दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून ठरवावं लागतं. पाण्याची सोय असेल, तर रोवणीच्या आधी धैंचा पेरून गाडता येतो.

जास्त युरियाचं खरं दुखणं नंतर येतं. पान लुसलुशीत झालं की करपा येतो, कडाकरपा येतो, खोडकिडा येतो, तुडतुडे येतात. मग औषधं. एका बोरीचे २६६ रुपये वाचवायचे राहिले आणि फवारणीवर हजारो गेले, असं किती घरांत झालं असेल! ज्या बांधीत कडाकरपा दरवर्षी येतो, तिथे तो सोसणारा वाण लावा. डोंगरगडच्या देवीच्या नावाची बम्लेश्वरी त्यासाठीच निघाली आहे. आणि त्या बांधीत युरिया इतरांपेक्षा कमीच ठेवा.

पाण्याचाही विचार करा. झिरपलेलं नत्र नायट्रेट होऊन विहिरीत, हातपंपात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्या देशाची मर्यादा आहे. त्यावर गेलं, तर तान्ह्या बाळाला धोका असतो, त्याचं रक्त प्राणवायू नीट वाहून नेऊ शकत नाही. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते घट्ट होतं. गावच्या घरी सून-लेक बाळंतपणाला असेल आणि बाळाला वरचं दूध देत असाल, तर बांध्यांलगतच्या हातपंपाचं पाणी आधी तपासून घ्या. छत्तीसगडात लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत ही तपासणी होते.

जे हवेत जातं त्यातलाही एक वायू, नायट्रस ऑक्साइड, वजनाला वजन धरलं तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट जास्त उष्णता धरतो. मुलांना हे शाळेत शिकवतात. तुमच्या बांधीचा त्याच्याशी संबंध आहे, हे त्यांना सांगा.

आता म्हणाल, युरिया कमी करून उतारा घटला तर? रास्त भीती आहे. म्हणून माझ्या शब्दावर सगळ्या शेतात काही करू नका. एका बांधीत बघा.

कसं ते सांगतो. रोवणीच्या वेळी पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद असा तुकडा खुंट्या ठोकून वेगळा करा. त्याला चिखलाचा छोटा बांध घाला, म्हणजे शेजारचं खताचं पाणी आत येणार नाही. तिथे युरिया टाकू नका, डीएपीही नाही. स्फुरद द्यायचं तर सुपर फॉस्फेटमधून द्या, त्यात नत्र नसतं. बाकी सगळं तसंच ठेवा. शेजारी तेवढाच तुकडा नेहमीच्या खताचा. कापणीला दोन्ही वेगळे कापा, वेगळे झोडा, धान चांगलं वाळवा आणि वजन करा. आलेल्या किलोंना १६२ ने गुणलं, की एकराचा उतारा कळतो.

समजा बिनयुरियाच्या तुकड्यात ८ किलो आलं. एकराला ते १३ क्विंटलच्या जवळ जातं. नेहमीच्या तुकड्यात ११ किलो आलं, म्हणजे पावणेअठरा क्विंटलच्या वर. तर दोन बोरी युरियाने पाच क्विंटलच्या आत वाढ दिली. बाकी १३ क्विंटल तुमच्या जमिनीने आणि तुमच्या वाणाने दिलं. पुढच्या वर्षी हाच प्रयोग दोन वाण शेजारी-शेजारी लावून करून बघा. बोरीमागे ज्याची वाढ जास्त, तो वाण तुमच्या बांधीचा. पण बिनयुरियाच्या तुकड्याचं वजनही बघा. जो वाण खत न देताही शेजाऱ्यापेक्षा जास्त देतो, त्याची दखल घ्या.

छत्तीसगडातल्या शेतीसाठी आणखी एक गोष्ट. २०२३-२४ च्या हंगामापासून इथे सरकारी खरेदी एकरी २१ क्विंटलपर्यंत आहे, ३,१०० रुपये क्विंटलच्या हिशोबाने. त्यावर पिकलेलं बाजारभावाने जातं. तेव्हा बाविसाव्या क्विंटलसाठी तिसरी-चौथी बोरी आणि दोन फवारण्या करायच्या का, हे कागदावर मांडून ठरवा. माझ्या मते नाही.

तुकडा ठेवताना अधियावाल्याला विश्वासात घ्या. तो आपल्याहून जास्त जाणतो, पण त्याच्या घरचं वर्षाचं अन्न त्या बांधीवर आहे. आपल्याला पेन्शन येते, त्याला येत नाही. त्याच्यावर हुकूम करू नका. तुकड्यात जे कमी येईल ते तुमच्या हिश्शातून कापायला सांगा. वाचलेल्या युरियाचा आणि औषधांचा फायदा मात्र दोघांत अर्धा-अर्धा करा. मग तो स्वतःहून पुढच्या वर्षी मोठा तुकडा ठेवेल.

बियाण्याबद्दल शंका असेल, तर दुकानदारापुढे जाऊ नका, कृषी विज्ञान केंद्रात जा. दुर्ग जिल्ह्याचं आहे. गोंदियासाठी हिवऱ्याला आहे, भंडाऱ्यासाठी साकोलीला. सिंदेवाहीचं संशोधन केंद्र विदर्भाच्या धानावरच काम करतं, पीकेव्ही-एचएमटी तिकडचंच. माती तपासून मृदा पत्रिका घ्या. ती घरात पडून असेल, तर शोधून काढा आणि त्यातला नत्राचा आकडा अधियावाल्याला वाचून दाखवा.

ज्यांची शेती नाही, त्यांनीही तांदूळ घेताना दुकानदाराला वाणाचं नाव विचारा. नुसता "बारीक तांदूळ" म्हणून घेऊ नका. चार घरं दुबराज, विष्णुभोग, चिन्नोर नाव घेऊन मागू लागली, तर कमी युरियावर पिकणारं हे धान लावणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेल.

यंदा अक्तीच्या आधीच गावी फोन करा. कोणतं धान, किती दिवसांचं, कोणत्या बांधीत, एवढं विचारून वहीत लिहा. युरियाचे पैसे त्यानंतर पाठवा. आणि पाच बाय पाचचा एक तुकडा मोकळा ठेवायला सांगा. त्यात जे घटेल ते मी भरून देईन, हेही त्याच फोनवर सांगा.